अवरेच्या शेंगेएवढं वजन

बाजारात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आल्या की थंडी आली, एवढं साधं पंचांग आमच्या घरात चालत आलं आहे. आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. कुठल्याशा फौजेबरोबर आलो आणि परतीची वाट विसरलो, असं माझे वडील, अप्पा, म्हणायचे. आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. माझी सून रेवती पुण्याचीच. ती हसत नाही, पण मी ‘स्वल्प साखर घाल’ म्हटलं की तिच्या ओठांचा एक कोपरा हलतो.

यंदा अवरे आली ती प्लास्टिकच्या पिशवीतून. सोललेली, निवडलेली, फोनवरून मागवलेली. सर्जापूर रोडवरच्या आमच्या बाराव्या मजल्यावर ती एका हसतमुख पोऱ्याने आणून दिली. मी पिशवी उघडून नाकाशी नेली. वास नव्हता. दवात भिजलेल्या अवरेच्या सालीला एक तेलकट, रानटी वास असतो; कानडीत त्याला सोगडू म्हणतात. शेंगा सोलल्या की तो बोटांना चिकटतो आणि साबणालाही दाद देत नाही. लहानपणी त्या दिवसांत आमच्या वह्यांनाही तो वास यायचा.

“बाबा, क्वालिटी चांगली नाहीये का?” रेवतीने विचारलं. “रिटर्न करू?”

“नको,” म्हटलं. काय परत करणार? वास तर आलाच नव्हता.

तो वास मला नेहमी एकाच जागी नेतो. केरेवर. केरे म्हणजे तळं. पण तळं म्हटलं की मला दुसऱ्याच कुणाच्या तरी गावचं वाटतं. आमची केरे सर्जापूरच्या पलीकडे होती आणि अजून आहे, हे या शहरात नवल. पाऊस संपून काही आठवडे गेले, की तिच्यातला गाळ खाली बसायचा. पाणी चहासारखं होतं ते काचेसारखं व्हायचं. सकाळी धुकं इतकं, की बांधावर उभं राहून बांध दिसायचा नाही. मग ऊन वर यायचं आणि काठच्या उथळ पाण्यात चिमुकले मासे उन्हाला यायचे, म्हाताऱ्यांनी ओट्यावर येऊन बसावं तसे. ही त्यांना धरायची वेळ. फार थोडी असते ती. ऊन तापलं की ते पुन्हा खोल जातात.

अप्पांकडे एक काठी होती. छावणीतल्या एका साहेबाने देश सोडताना ती त्यांना दिली होती. बारीक, तीन तुकड्यांत जोडायची, टोकाला गवताच्या काडीएवढी. तिला एक छोटं रीळ होतं. अशा काठीला जड गळ चालत नाही. तिला हलकंच आमिष हवं, आणि तेही खोटं: चमकणारं, पाण्यात लटपटणारं, माशाला वाटावं की एखादं पिल्लू जखमी होऊन पळतं आहे. तसलं काही तेव्हा विकत मिळायचं नाही. देवघरातल्या पितळी पळीचा दांडा तुटला होता. अप्पांनी तिची वाटी घेतली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, एकात दोरा बांधला आणि दुसऱ्यात गळ अडकवला.

“देवाची पळी माशाच्या तोंडात?” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

“मत्स्यावतारच आहे,” अप्पा म्हणाले. आई दोन दिवस बोलली नाही.

पाण्यावर जाण्याआधी अप्पा आम्हाला अंगणात शिकवायचे. गळ काढून ठेवायचे आणि दोऱ्याला अवरेची एक शेंग बांधायचे. भरलेली शेंग वजनाला बरोबर त्या पळीच्या वाटीएवढी भरते. मी काठी डोक्यावरून फिरवायचो, सगळा खांदा घालून, आणि शेंग माझ्याच पायाशी पडायची. मग माझी बहीण, अक्का, काठी घ्यायची. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचा खांदा हलायचाच नाही. मनगट जरासं मागे जायचं, काठीचं टोक शेंगेच्या भाराने वाकायचं, आणि मग ते टोक स्वतःच शेंगेला सोडून द्यायचं. शेंग अंगण ओलांडून तुळशीपाशी पडायची. भिजवलेली अवरे बोटांत दाबली की सालीतून दाणा निसटतो ना, टुप्पकन, तसं ते होतं. फेकणं नव्हतंच.

“तम्मा, तू भांडतोस तिच्याशी,” अक्का म्हणायची. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. माझं नाव ती अजूनही घेत नाही. “शेंगेला जायचंच आहे. तू मध्ये येऊ नकोस.”

ज्या हंगामाबद्दल मला लिहायचं आहे तो अक्काच्या लग्नाच्या वर्षीचा. एका सकाळी अक्काने केरेवर, कमळाच्या पानांच्या कडेला, ती पळी टाकली. पाण्यात चांदीसारखं काहीतरी वळलं. काठी टोकापासून मुठीपर्यंत अशी वाकली की मी डोळे मिटले. अक्का ओरडली नाही. बराच वेळ ती नुसती उभी होती, हात किंचित पुढे करून, जणू आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देते आहे. मग तिने त्याला काठाशी आणलं. गेंडे मासा होता, चंदेरी, शेपटीजवळ काळा ठिपका. तळहाताएवढा. हलक्या काठीवर तळहाताएवढा मासाही हत्तीसारखा ओढतो, हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून पटत नाही. तिने हात ओला केला, गळ काढला आणि त्याला पाण्यात धरून ठेवलं. तो स्वतःहून निघून जाईपर्यंत.

“घरी का नाही नेलास?” मी चिडून विचारलं.

“एवढं लांब आला माझ्यापर्यंत,” ती म्हणाली. “आता त्याला घरी जाऊ दे ना.”

त्याच दिवशी संध्याकाळी तिला बघायला मंडळी आली.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचंही आमच्या गोतावळ्यात पाठ आहे, पण ते खोटं आहे, आणि ते दुरुस्त करायला माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. उप्पिट आणि केसरीभाताच्या ताटल्या मांडल्या होत्या. काठी दाराशी वाळत उभी होती. मुलाच्या आईने ती पाहिली आणि विचारलं, “तुमच्याकडे मासे कोण धरतं?”

अप्पांनी अक्काकडे पाहिलं. अक्का पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिच्या कोपराजवळ एक खवला चिकटलेला होता, तो मला दिसत होता. मी चौदा वर्षांचा होतो. मी म्हणालो, “मी.”

“हो का? केवढा धरलास?”

मी उजवा हात लांब केला आणि डाव्या हाताने खांद्याला खूण केली. “एवढा. मरळ होती.”

सगळे हसले. मुलगा, म्हणजे आमचे होणारे भाऊजी, पुढे सरकून बसले आणि सांग म्हणाले. मी सांगितलं. कमळाची पानं, चांदीसारखं वळणं, पुढे केलेला हात, सगळं. अक्काचा शब्द न् शब्द घेतला. फक्त तिला काढलं आणि गेंड्याची मरळ केली.

बहिणीचं लग्न मोडू नये म्हणून मी बोललो, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. त्यात थोडं खरं असेलही. पण मला आठवतं, भाऊजी पुढे सरकून बसले तेव्हा माझ्या छातीत काय झालं ते. बहिणीची काळजी तशी नसते.

लग्न झालं. मग ती मरळ मला खरीच धरून दाखवावी लागणार होती. भाऊजींसमोर मी त्या बारीक काठीला बेडूक लावायचा मोठा गळ आणि शिशाचं वजन बांधलं आणि सगळा खांदा घालून फिरवलं. काठी मधोमध मोडली. आवाज फार मोठा नव्हता. अक्का बांधावर करंजाखाली बसली होती, मांडीवर अवरेची परात. तिने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा सोलायला लागली.

त्यानंतर मी काठ्या घेतल्या त्या सगळ्या जाड. माझ्या खोट्या माशाला पेलतील अशा. दर वर्षी अवरे आली की आम्ही केरेवर जायचो. आधी स्कूटरवर, मग माझ्या मुलाच्या गाडीतून. मी आणि भाऊजी मरळीच्या मागे. अक्का डबे घेऊन करंजाखाली. आमच्या पायांपाशी उथळ पाण्यात गेंडे उन्हाला यायचे, आम्ही ते तुडवत खोल पाण्याकडे जायचो. फारसं काही मिळायचं नाही.

“तम्मा, तुमची मरळ आज रजेवर दिसते,” भाऊजी म्हणायचे. फार गोड माणूस. परतताना वाटेत कुणी भेटलं की तेच ती गोष्ट सांगायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवून. दर वर्षी मरळ बोटभर वाढायची.

गेल्या हिवाळ्याआधी भाऊजी गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला जेवणं संपत आली तेव्हा भाचा नातवंडांना सांगायला लागला, “आमच्या मामांनी एकदा मरळ धरली होती...” अक्का पाण्याचे पेले भरत होती. अगदी तशीच उभी. मी पानावरून उठलो आणि हात धुवायच्या निमित्ताने बाहेर बराच वेळ थांबलो.

मग ही वासाविना अवरे आली, आणि मी ठरवलं, अक्काला तिची काठी परत द्यायची आणि खरं काय ते बोलायचं.

“ऑनलाइन बघा ना बाबा,” रेवती म्हणाली. “अल्ट्रालाइट म्हणतात त्याला. हे बघा, फोर पॉइंट फाइव्ह स्टार.” तिने फोन माझ्यापुढे धरला. काठ्यांचे फोटो होते. फोटोत काठी वाकत नाही.

मी आमच्या बेंगळुरातल्या शिवाजीनगरला गेलो. बसस्थानकामागे एका अरुंद गल्लीत जाळी, दोरखंड आणि गळांचं दुकान आहे. दुकानदार दाढीवाला, बोलका. मी म्हटलं, हलकी काठी हवी, छोट्या आमिषांसाठी. त्याने चार पुढे ठेवल्या. हल्ली मुठीच्या वरच्या अंगाला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ही काठी किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंतचं आमिष टाकील. हे मला फार आवडलं. माणसांवरही असं लिहिलेलं असतं तर. मी जन्मभर स्वतःवर भलताच आकडा लिहून फिरलो.

हलकी काठी निवडणं हे जाड काठी निवडण्याच्या उलट आहे. जाड काठीला आपण विचारतो, तू किती सोसशील? हलक्या काठीला विचारायचं, तुला किती थोडं कळतं? टोकाशी एखादं पान घासलं तर हातात समजलं पाहिजे. नुसती लवचीक असूनही भागत नाही. शेवयांसारखी लोंबणारी काठी गळ रुतवू शकत नाही. टोक मऊ, कंबर ताठ. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी काय केलं? प्रत्येक काठीचं टोक जमिनीला टेकवून जोर दिला, पुरुष देतात तसा, आणि त्यातल्या त्यात जी पुरून उरली ती उचलली.

“किसके वास्ते, चाचा?” दुकानदाराने विचारलं.

“माझ्या बहिणीसाठी.”

“तो आपाजान को लेके आओ ना. हाथ तो उनका है.”

मी हसलो आणि पैसे दिले. मला तिला चकित करायचं होतं.

अक्का बसवनगुडीत राहते. त्या आठवड्यात तिथे शेंगांची जत्रा होती. रस्ताभर भुईमुगाचे ढीग, पायाखाली टरफलं, भाजलेल्या शेंगांचा धूर. गर्दीतून मी ती लांब पिशवी उभी धरून नेली. अक्का जमिनीवर बसून रात्री भिजवलेली अवरे चिमटत होती. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत. उजवं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं होतं. तरी दाणे परातीत पडत होते, टुप्प, टुप्प.

“ये रे. हात धू आणि बस. फुकट जेवायला मिळणार नाही.”

मी बसलो आणि दाणा चिमटता चिमटता सांगितलं. घरून पाठ करून आलो होतो. ते सगळं विसरलो. म्हटलं, अक्का, मासा तुझा होता. मरळही नव्हती. मी तुझा मासा घेतला, तुझी काठी मोडली, आणि भाऊजींना मरेपर्यंत फसवलं.

तिने पुढची मूठ घेतली. “त्यांना कुठे फसवलंस? त्यांना ठाऊक होतं.”

“काय?”

“लग्नानंतरच्या पहिल्याच अवरेला सांगितलं मी. मरळ म्हणे! एवढे हसले, एवढे हसले.”

“मग ते दर वर्षी सगळ्यांना...”

“तुझं तोंड उजळायचं ना. म्हणायचे, तेवढ्यासाठी माझी एक सकाळ गेली तर काय झालं.” तिने एक कुजका दाणा बाजूला टाकला. “आणि सासूबाईंनी विचारलं ते सहज. त्यांना मासे आवडायचे रे. ‘मी धरते’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.”

माझ्या हातातला दाणा निसटून कपाटाखाली गेला. साठ वर्षं जो दगड उरावर घेऊन फिरलो, तो बाकीच्यांनी कधीच उचलून कडेला ठेवला होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

“मग तू का नाही धरलीस काठी? एवढी वर्षं त्या करंजाखाली...”

आता तिने हात थांबवले. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, आठवून बघावं तसं.

“तू विचारलंस का कधी? ‘अक्का, टाकतेस का?’ एकदा तरी? तुम्ही दोघे गाडीतून काठ्या काढायचात, दोनच. मी डबे काढायची. मला वाटायचं, यंदा तरी विचारेल.”

बाहेर जत्रेतली पिपाणी वाजत होती. कपाटाखालचा दाणा काढायच्या निमित्ताने मी वाकलो. खोट्याचं प्रायश्चित्त करायला आलो होतो. ज्याचं करायला हवं होतं ते इतकं लहान होतं की मला कधी दिसलंच नव्हतं. आणि आताही काय केलं होतं? तिला न विचारता काठी घेऊन आलो होतो.

“अक्का,” मी म्हटलं, “टाकतेस का?”

तिने पदराला हात पुसले. पिशवीतून काठी काढली, डोळे मिटले, मूठ धरली, मनगट जरासं हलवलं.

“या काठीने नाही. मूठ जाड आहे. ही तुझ्या हाताला घेतलीस.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने शिवाजीनगरला गेलो. निघताना तिने परडीतली एक भरलेली अवरेची शेंग पर्समध्ये टाकली. दुकानदार मला पाहून म्हणाला, “बोला था ना?” आणि तिच्यापुढे कौतुकाने एक गुलाबी काठी ठेवली. “लेडीज के लिए.”

“ही मासे धरायची आहे की ओठांना लावायची?” अक्काने मला मराठीत विचारलं. मी अनुवाद केला नाही. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं आणि त्याने ती मुकाट्याने उचलली.

तिने एकही काठी जमिनीला टेकवली नाही. दोऱ्याला शेंग बांधून टोकापासून लोंबती सोडली, डोळे मिटून उभी राहिली, आणि मला म्हणाली, “फुंकर मार.” मी शेंगेवर फुंकर घातली. “नाही कळली. दुसरी दे.” तिसऱ्या काठीला ती डोळे न उघडता नुसती हसली. मी अजून फुंकर घातलीच नव्हती. गल्लीतल्या वाऱ्याने शेंग हलली होती.

मुठीवरची नळी बारीक, टोक काळं, बाकी काही सजावट नाही. दुकानदाराने माझी काठी परत घेतली आणि वर चहा पाजला.

परवा आम्ही केरेवर गेलो. मासेमारीचं कंत्राट ज्याच्याकडे आहे तो ओळखीचा आहे. धरून सोडून देणाऱ्यांना तो काही म्हणत नाही. पलीकडच्या काठावर आता इमारती आल्या आहेत. त्यांची प्रतिबिंबं पाण्यात उलटी उभी होती. करंज आहे. मी करंजाखाली बसलो, मांडीवर परात घेतली आणि शेंगा सोलायला लागलो. दव पडलेल्या, बाजारातून स्वतः वास घेऊन आणलेल्या. ती उथळ पाण्यापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पहिल्या खेपेला दोरा गुंतला. दुसरी शेवाळात गेली. मनगट दुखत असणार, तिने ते एकदा मांडीवर चोळलं. उठून जवळ जावंसं मला वाटलं. गेलो नाही.

मग टोक वाकलं, आणि सुटलं.

ऊन वर आल्यावर बांधावरून गुरं घेऊन जाणारा एक माणूस थांबला. त्याने खुर्चीतल्या बाईकडे पाहिलं, परात घेतलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि गोंधळून विचारलं, “यारु हिडियोदु, अज्जा?” मासे कोण धरतं?

“अक्का,” मी म्हणालो. “मी सोलतो.”

“सिक्तेनु?” मिळाला का काही?

मी मान डोलावली. मिळाला होता, आणि घरीही गेला होता. केवढा म्हणून त्याने हातानेच विचारलं. माझा उजवा हात सवयीने लांब व्हायला निघाला. मी तो आवरला, तळवा उघडला, आणि मनगटापासून करंगळीच्या मुळापर्यंतची जागा बोटाने दाखवली. एवढा.

अक्काने मान वळवली नाही. ती पाण्याकडेच बघत होती.

“त्याहून स्वल्प मोठा होता, तम्मा,” ती म्हणाली.